भट्टीपुढचा फोटो

भट्टीतून पुन्हा पाव काढायचे ठरले त्या सकाळी मधली वडिलांचा जुना कॅमेरा गळ्यात अडकवून बेकरीच्या मागच्या दाराने आत शिरली, आणि उंबऱ्यातच वहिनींनी तिला गाठलं.

"वन्सं, टोपण काढलंय ना या वेळी?"

"घरीच ठेवून आलेय. म्हणजे लावायचा मोहच नको."

वहिनी हसत बाजूला झाल्या. मधलीही हसली, पण तिचा हात नकळत कॅमेऱ्याकडे गेला आणि बोटांनी खालचं भिंग चाचपून आला. उघडं होतं.

ही थट्टा तिने आपल्या हाताने ओढवून घेतली होती. वडील गेल्यावर त्यांचं सामान आवरताना हा कॅमेरा माळ्यावर सापडला. दादा म्हणाला, काचेच्या कपाटात ठेवू, शोभेल. मधलीने कुणाला न विचारता तो घरी नेला. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एकाकडून त्याचं अडकलेलं शटर मोकळं करून घेतलं, रिळं अजून कुठे मिळतात ते शोधून काढलं, आणि पन्नाशी उलटल्यावर शिकाऊ उमेदवार झाली. कॅमेरा होता दोन भिंगांचा. छातीशी धरायचा, झाकण उघडून विहिरीत डोकवावं तसं वरून आत बघायचं. वरच्या भिंगातून चित्र दिसायचं आणि खालच्यातून फोटो निघायचा. पुतणी वकील झाली तेव्हा मधलीने सगळ्यांना ओळीने उभं केलं आणि हसा, मान वर करा, असं फर्मावत अख्खं रीळ संपवलं. वरून सगळं लख्ख दिसत होतं. खालच्या भिंगावर मात्र टोपण जसंच्या तसं होतं. रीळ धुतलं तर काचेसारखं कोरं निघालं. आजवर ती घरात नुसती मधली होती. त्या दिवसापासून तिला टोपणनाव मिळालं, आणि तेही टोपण.

तसा फोटो काढण्यातच तिचा जन्म गेला होता. सरकारी दवाखान्याच्या एक्स-रे खात्यात ती लागली तेव्हा फिल्म अंधाऱ्या खोलीत हाताने धुवावी लागे. माणसांचे फोटो काढायची तिला सवय होती, पण आतून. बाहेरून माणूस कसा पकडायचा हे तिला ठाऊक नव्हतं. हाड कधी खोटं हसत नाही. चेहरा हसतो.

म्हणून टोपणाच्या फजितीनंतर ती वर्षभर गुपचूप शिकत राहिली. दवाखान्याच्या आवारातला गळका नळ, भिंतीला टेकलेल्या सायकली, दुपारी खुर्चीतच डोळा लागणारा चौकीदार. प्रकाश मोजायला मोबाइल होता, पण भिंगाचं तोंड किती उघडायचं आणि किती वेळ उघडं ठेवायचं, हे कॅमेरा सांगत नव्हता. ते चुकून चुकूनच कळलं. आधी रीळ काळंठिक्कर निघालं, मग फिकं. मग एकदा चौकीदाराच्या मिशीचा केस न् केस उमटला. त्या दिवशी ती घरी जाईपर्यंत रस्त्यात एकटीच हसत होती.

बेकरीत आज वेगळीच लगबग होती. मोठ्या टेबलावर पीठ भुरभुरलेलं, साच्यांतले गोळे फुगून काठावर आलेले. गवंड्याने घुमट नव्याने बांधल्यावर भट्टी काही दिवस मंद आचेवर ठेवून तापवत आणली होती. आता तिचं तोंड लाल झालं होतं. आई बाजूच्या लाकडी खुर्चीत, हातातली काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये उभी धरून बसली होती. आणि भट्टीपुढे कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून दादा उभा होता. त्याच्यासमोर एक तरुण फोटोग्राफर दोन मोठे दिवे लावत होता.

मधली वहिनींजवळ सरकली.

"हे कोण?" तिने वहिनींना हळूच विचारलं.

"त्यांनी बोलावलाय. वर्तमानपत्रात द्यायचं म्हणतात." वहिनींनी नजर चुकवली. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही."

दादाने तिला पाहिलं. "ये, ये. अगं, हा आपला खात्रीचा म्हणून. तू काढच की तुझे. हौसेला कोण नाही म्हणतंय?"

हौस हा शब्द तिला खड्यासारखा लागला. कोपऱ्यात पिठाच्या पोत्यांपाशी गेली आणि कॅमेरा स्टँडवर चढवू लागली. शेजारी पुतणी येऊन उभी राहिली. घरात सगळे तिला वकीलच म्हणत.

"आत्या, मी सांगितलं होतं बाबांना. तुझे नळाचे फोटो मी पाहिलेत."

"कुणी दाखवले?"

"तूच. तुझ्या लक्षात नाही, कारण दाखवताना तू माफी मागत होतीस."

तेवढ्यात मागचं दार वाजलं आणि धाकटा आत आला.

दादा आणि धाकटा यांच्यात वडील गेल्यापासून विस्तव जात नव्हता, आणि विस्तवावर तर या घराचं पोट होतं. घुमटाला तडा गेला तेव्हा धाकटा म्हणाला होता, पाडून टाकू, विजेची भट्टी घेऊ. दादा म्हणाला, बापाची भट्टी पाडणाऱ्याने आधी मला पाडावं. शब्दाने शब्द वाढला, आणि धाकट्याने गावाच्या दुसऱ्या टोकाला स्वतःची बेकरी काढली, विजेची. आज तो आला होता तो केवळ आईमुळे. आईने निरोप धाडला होता: पहिले पाव आत जाताना दोघंही समोर दिसले नाहीत, तर मी खुर्चीतून उठणार नाही, आणि मग मला खुर्चीसकट कुठे न्यायचं ते तुम्हीच ठरवा.

"या भाऊजी," वहिनी म्हणाल्या, जरा जास्तच मोकळेपणाने. मधलीला ते जाणवलं.

धाकटा आईच्या पाया पडल्यासारखा वाकला आणि तिच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. दादाने त्याच्याकडे बघितलं नाही. त्याने लांब दांड्याचं फावडं उचललं आणि साचे एकेक करून भट्टीत सरकवले. दार लावलं. कपाळ पुसलं आणि फोटोग्राफरकडे वळला.

"लिहून घ्या हं. भट्टी बंद होती, पण दुकान एक दिवस बंद ठेवलं नाही. बाहेरून पाव आणला, पण असा, की एकाही गिऱ्हाइकाला फरक कळला नाही."

"कळणार कसा," खुर्चीमागून धाकटा म्हणाला. "हात तेच होते."

दादाची मान सावकाश वळली. "म्हणजे?"

पुतणीने एकदम टेबल पुसायला घेतलं. आईने काठीच्या मुठीवर हनुवटी टेकवली. मधलीने एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं की इथे तिच्याशिवाय आणि दादाशिवाय सगळ्यांना काहीतरी ठाऊक आहे.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "पाव भाऊजींकडून येत होता. मी आणवत होते."

"तू म्हणालीस, घाऊकवाल्याकडून."

"घाऊकच आणत होते की. फक्त भाऊजींकडून."

"म्हणजे इतके महिने मी याचा पाव विकला? माझ्या पाटीखाली?"

"आणि वाखाणलातसुद्धा. परवाच म्हणालात, ज्याने हा भाजलाय त्याच्या हाताला नाव ठेवायला जागा नाही."

धाकट्याने हे ऐकलं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी उजळलं, पण दादाचा आवाज चढला आणि ते विझलं.

"हसत असाल सगळे माझ्या पाठीमागे. आई, तुलाही माहीत होतं?"

"मला पावाच्या वासावरून कळलं," आई म्हणाली. "तुला कळलं नाही, तर तुझं नाक तपासून घे."

"दादा, मी उपकार म्हणून नाही दिला," धाकटा म्हणाला.

"मग कशाला दिलास? मी बुडत होतो म्हणून?"

"दुकान बुडत होतं म्हणून. ते तुझ्या एकट्याचं नाही."

"पाडा म्हणणारा तूच ना?"

"भट्टी पाडा म्हणालो होतो. दुकान नाही."

फोटोग्राफर बिचारा दिव्यांच्या मध्ये उभा होता. घरच्या भांडणात पाहुणा, म्हणजे सुपारीच्या अडकित्त्यात बोट. त्याने दादाचे एकट्याचे फोटो मघाशीच घेतले होते. "सगळ्यांचा एक घेऊ या का?" असं त्याने चाचरत विचारलं.

"मी नाही याच्या फोटोत," धाकटा म्हणाला.

"बोलावलंय कोणी," दादा म्हणाला.

फोटोग्राफरने आणखी थोडा वेळ वाट पाहिली, मग दुसरीकडे काम आहे असं काहीसं पुटपुटत दिवे मालवले, गुंडाळले आणि निघून गेला. दिवे गेल्यावर बेकरी नेहमीची झाली. छपराच्या काचेतून उतरणारा पांढरा उजेड, त्यात तरंगणारं पीठ. मधलीने मोबाइल वर धरला आणि त्यातला आकडा बघितला. सवयीनेच. मग वहिनींच्या जवळ गेली.

"मला का नाही सांगितलंत?"

"वन्सं, तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही."

यावर तिला राग यायला हवा होता. पण ते खरंच होतं, त्यामुळे तो आला नाही.

धाकटा दाराकडे निघाला होता. आईने काठी फरशीवर आपटली.

"पाव आत आहेत."

एवढंच म्हणाली. पण भट्टीवाल्याच्या घरात वाढलेल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. पाव आत असताना कुणी बाहेर जात नाही. धाकटा थांबला. वास घट्ट होत होता, कडेला करपण्याच्या अलीकडचा. नवीन घुमट, त्याचा जीव अजून कुणाला ठाऊक नव्हता. दादा फावडं घेऊन दाराशी गेला, दार उघडलं, आणि आतून जी धग आली तिने त्याला मागे रेटलं.

"मागची बाजू जास्त तापलीय," धाकटा म्हणाला. सदऱ्याच्या बाह्या त्याने केव्हा वर केल्या ते कुणाला दिसलं नाही. "मागचे आधी घे."

"कळतंय मला."

"मग घे."

दादाने फावडं आत घातलं. पहिला साचा बाहेर आला तसा धाकट्याने जाड फडक्याने तो झेलला, टेबलावर उपडा केला, पाव सोडवला आणि रिकामा साचा बाजूला सरकवला. तोवर दुसरा आला. दोघं बोलत नव्हते. बोलायला सवडच नव्हती. लहानपणी वडिलांनी दोघांना असंच उभं केलं होतं, एक तोंडाशी आणि एक टेबलाशी, आणि डोकं विसरलं तरी हात विसरले नव्हते. दादाचं फावडं वळायच्या आधी धाकट्याचे हात तिथे असायचे. दादाच्या इस्त्रीच्या सदऱ्याला काजळी लागली. धाकट्याच्या भुवया पिठाने पांढऱ्या झाल्या.

मधली कॅमेऱ्यात डोकावली. चौकोनी काचेवर दोघं दिसत होते, डावं-उजवं उलटं होऊन, आणि पावांमधून वाफ चढत होती. पण हलणारी माणसं या उजेडात नुसता धूर होऊन उमटतील हे तिला माहीत होतं. त्यांना थांबवावं लागणार होतं. आणि या घरात तिच्या सांगण्यावरून कधी कुणी थांबलं नव्हतं.

शेवटचा पाव टेबलावर आला. तांबूस, कडेला खरपूस, आणि एकही करपलेला नाही. दोन्ही भाऊ धापा टाकत त्यांच्याकडे बघत होते. आता एकजण काहीतरी बोलेल आणि पुन्हा पेटेल, हे मधलीला दिसलं.

"कुणी जागा सोडायची नाही," ती म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. हा आवाज तिचा घरचा नव्हता. दवाखान्यात अर्ध्या रांगेला एका शब्दात शर्ट काढायला लावणारा तो आवाज होता.

"वहिनी, आईच्या खुर्चीमागे. वकील, तू टेबलाच्या पलीकडे, पाव झाकू नकोस. दादा, फावडं हातातच राहू दे. आणि जरा डावीकडे सरक."

दादा डावीकडे सरकला. काचेवर मात्र तो भलत्याच बाजूला गेला, चित्राच्या बाहेर जाऊ लागला.

"नाही, नाही, उजवीकडे."

"तुझं उजवं की माझं?"

"तुझं. थांब. माझं." तिला घाम फुटला. आत सगळंच उलटं दिसतं, आणि वर्षभर नळ आणि सायकली काढताना त्यांना सरका म्हणायची वेळच आली नव्हती. "धाकट्या, तू उजवीकडे ये."

धाकटा उजवीकडे आला, दादाही त्याच बाजूला निघाला होता, आणि दोघांचे खांदे आपटले. फावड्याचा दांडा टेबलाला लागला. पुतणी फिस्कन हसली.

"हिला डावं-उजवं कळत नाही," दादा म्हणाला.

"एक्स-रे काढताना काय करत असेल," धाकटा म्हणाला. "उजवा पाय मोडला तर डाव्याला प्लास्टर."

"त्या माणसाला विचारायला हवं."

हे दोघं एकमेकांशी बोलले होते. त्यांच्या ध्यानात आलं नाही, पण आईच्या आलं, वहिनींच्या आलं, आणि खाली काचेत बघणाऱ्या मधलीच्याही आलं. काचेवर आता ते खांद्याला खांदा लावून उभे होते, भट्टीचं तोंड बरोबर दोघांच्या मध्ये. पहिली चूक खरी होती. पण आता उलट काय आणि सुलट काय हे कळूनही तिने त्यांना पुन्हा वेगळं सरकवलं नाही.

"तसेच राहा," ती म्हणाली. "उत्तम आहे."

तिने भिंगाची नजर आईच्या डोळ्यांवर बसवली. मग विचार बदलला आणि टेबलाच्या कडेवर आणली, तिथून दोघं भाऊ सारख्याच अंतरावर होते. खालच्या भिंगावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. उजेड कमी, म्हणजे शटर चांगलं सावकाश उघडं ठेवायला हवं. लहान मूलसुद्धा तेवढा वेळ स्थिर राहत नाही, आणि ही तर मोठी माणसं.

"आता ऐका. मी सांगेन तेव्हा श्वास घ्यायचा. मग रोखायचा. मी सोडा म्हणेपर्यंत पापणीसुद्धा हलता कामा नये. हसायचं नाही, रुसायचं नाही. आहात तसे."

"वन्सं, नाक खाजतंय."

"खाजू द्या. श्वास घ्या."

सगळ्यांनी छाती भरून घेतली. दादानेही. धाकट्यानेही.

"रोखा. हलू नका."

तिने लांब दोरीचं बटण दाबलं. शटर उघडल्याचा बारीक आवाज झाला. बेकरीत इतकी शांतता त्या घराने कधी ऐकली नव्हती. भट्टीत कोळसा कुरकुरत होता आणि गरम पावांच्या साली थंड होताना बारीक तडतडत होत्या. ती मनात मोजत होती आणि समोर बघत होती, आता काचेतून नाही, उघड्या डोळ्यांनी. दादाच्या गालावर काजळी होती. धाकट्याची बाही त्याच्या बाहीला टेकलेली होती. पाच जणांचा श्वास तिच्या बोटाच्या टोकाशी थांबला होता, आणि तो सोडवणारं दुसरं कोणीही तिथे नव्हतं.

"सोडा."

सगळे एकदम सुटले. वहिनींनी नाक खाजवलं. तिने आणखी दोन काढले, मग चौथ्याला आई म्हणाली, "आता पाव गार होतील," आणि सगळे पावांवर तुटून पडले. दादाने पहिला पाव फोडला. अर्धा त्याच्या हातात राहिला. दुसऱ्या अर्ध्याचं काय करायचं ते त्याला सुचेना, म्हणून त्याने तो टेबलावर ठेवला, धाकट्याच्या बाजूला. धाकट्याने उचलला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, पेशंट ओसरल्यावर, मधली दवाखान्याच्या जुन्या अंधाऱ्या खोलीत शिरली. एक्स-रे संगणकावर यायला लागल्यापासून ती खोली बंद होती. मोठ्या डॉक्टरांनी तिला ती वापरायला दिली होती, आणि बंद पडलेल्या एका स्टुडिओतून आणलेलं फोटो मोठा करायचं यंत्रही तिने तिथेच मांडलं होतं. दिवा मालवून तिने चाचपडत रीळ उलगडलं, डब्यात भरलं, औषध ओतलं. मोजलेला वेळ सरला. पाणी पडलं. दिवा लावून तिने डबा उघडला. ओली पट्टी तिने उजेडाला धरली.

पट्टी कोरी नव्हती. चौकोनामागून चौकोन, त्यात भट्टी पांढरी, सदरे काळे, माणसं जणू उलट्या जगातली. पण होती. पाचच्या पाच. ती तिथेच स्टुलावर बसली. पट्टीवरून थेंब तिच्या मांडीवर पडत होते आणि तिला ते पुसायचं सुचलं नाही.

रविवारी कागदावर छापायचं होतं. तिने फक्त आईला सांगितलं, आणि तोंडात तीळ न भिजण्याचा गुण तिने कुणाकडून घेतला होता ते त्या दिवशी उघड झालं. दादा आईला घेऊन आला. पाठोपाठ धाकटा.

"आई म्हणाली, बघायचं असेल तर ये," धाकटा म्हणाला.

"मलाही तेच म्हणाली," दादा म्हणाला.

आई औषधाच्या वासाने आत यायला तयार नव्हती. ती बोळाच्या टोकाला बाकावर बसली. दोघं भाऊ मधलीमागून आत शिरले. तिने दार लावून घेतलं, कडी घातली आणि लाल दिवा लावला. खोली इतकी लहान की वळायचं तर एकमेकांना विचारून वळावं लागे.

"मी सांगेपर्यंत दार उघडायचं नाही," ती म्हणाली. "कागद वाया जातो."

"आणि आम्ही भांडलो तर?" धाकट्याने विचारलं.

"अंधारात भांडा. पण धक्का लागता कामा नये."

तिने यंत्राखाली कागद ठेवला, उजेड पाडला, बंद केला. मग तो कोरा कागद औषधाच्या ट्रेमध्ये बुडवून हलकेच हलवू लागली. दोघं दोन बाजूंनी वाकले.

"काही दिसत नाही," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. भीती होती, तिच्यासाठी.

"दम धर."

आधी भट्टीचं तोंड आलं, एक करडा डाग होऊन, आणि तो काळा होत गेला. मग दादाचे केस. वहिनींचे केस. आईची काठी पाण्यातून वर यावी तशी आली. भुवया, डोळे, गालावरची काजळी. पावांच्या तकाकत्या पाठी, आणि त्यांच्यावर वाफ, ढगासारखी, कारण मधलीचं 'हलू नका' वाफेने ऐकलं नव्हतं. सगळ्यात शेवटी, पांढऱ्यावर पांढरे, दोघांचे सदरे, आणि एकमेकांना टेकलेल्या दोन बाह्यांमधली बारीक रेघ.

लाल उजेडात धाकटा ट्रेवर आणखी वाकला.

"मी त्यांच्यासारखा दिसायला लागलोय," तो म्हणाला. त्यांच्या म्हणजे वडिलांच्या.

"तू नाही. मी," दादा म्हणाला. मग थोड्या वेळाने, "तूही. कपाळापाशी."

"पाव चांगले आलेत," धाकटा म्हणाला.

"मागची बाजू तू सांगितलीस म्हणून." दादाला हे बोलायला बराच वेळ लागला. "परवा यायला जमेल का? घुमट अजून अंदाज देत नाही."

"पहाटे येतो. माझ्याकडचं सकाळी पोरं बघतील."

मधलीने कागद चिमट्याने उचलून दुसऱ्या ट्रेमध्ये सोडला, मग तिसऱ्या. तिला बोलायचं होतं, पण ती बोलली नाही, आणि तिच्या तोंडात तीळ भिजल्याचा हा पहिलाच प्रसंग असावा.

"मला एक," दादा म्हणाला. "दुकानात लावायला. त्या पोराने काढलेले नकोत. त्यात मी एकटाच आहे."

"मलाही एक," धाकटा म्हणाला. "मोठा."

"माझ्याएवढा."

"तुझ्याहून मोठा."

"रांगेत या," मधली म्हणाली, आणि पुढचा कागद काढला. या वेळी ट्रे हलवायला दादाने हात पुढे केला. तिने त्याला हळू, असं म्हटलं, आणि तिच्या भावाने आयुष्यात पहिल्यांदा तिचं ऐकलं, दुसऱ्यांदा खरं तर.

कागद संपले तेव्हा तिने कडी काढली. बोळातला पांढरा उजेड आत आला आणि तिघंही डोळे किलकिले करत बाहेर पडले. सगळ्यात पुढे मधली. मागे दोघं भाऊ, ओले फोटो कोपऱ्यांना धरून, सांडतील की काय अशा बेताने. नर्स बाजूला झाल्या. स्ट्रेचर ढकलणारा माणूस थांबला.

"काय हो हे?" त्याने विचारलं.

"फोटो," दादा म्हणाला. "आमच्या बहिणीने काढलाय. जुन्या कॅमेऱ्यावर. हाताने."

"हातानेच काढतात," धाकटा म्हणाला.

"तू गप्प बस. त्याला कळलं."

बोळाच्या टोकाला आईने चष्मा चढवला. फोटो दोघांनी तिच्यासमोर धरला, एकाने डावीकडून, एकाने उजवीकडून. ती बराच वेळ बघत राहिली. तिची नजर एकेका चेहऱ्यावर थांबत पुढे गेली आणि स्वतःवर येऊन अडली.

"मला खुर्चीत बसवलंस," ती म्हणाली. "म्हातारी दिसते मी."

"आई, तू..." दादा सुरू झाला.

"पुन्हा काढ," आई मधलीला म्हणाली. "मी उभी राहीन. हे दोघं माझ्या दोन बाजूंना."

भावांनी एकमेकांकडे पाहिलं. मधलीने कॅमेऱ्याची पिशवी खांद्यावर नीट केली. घरी अजून एक रीळ होतं.

"पुढच्या रविवारी," ती म्हणाली. "सकाळी. उजेड चांगला असतो. कुणी उशीर करायचा नाही."

"नाही करणार," दोघंही म्हणाले.